सुनेच्या पाण्याला वास नाही

दौंड,
रविवार, दुपार

आयुष्मती ललिताताई यांना करुणाचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? एरंडेल कोमट करून चोळता की पुन्हा त्या जाहिरातीतल्या बाटलीच्या नादी लागलात? भाऊंचा खोकला बसला असेल अशी आशा करते (कारखान्याचं धुराडं पेटलं की त्यांना तो दरवर्षी धरतो, असं ऋतिका म्हणाली होती). आमच्याकडं सगळं ठीक. ह्यांची रेल्वेची पेन्शन वेळेवर येते, माझा बीपी गोळीच्या धाकात आहे, विहारात वंदनेला जाणं चालू आहे, घर शांत आहे. इतकं शांत आहे की शेजारच्यांचा कुकर शिटी देतो आणि मी "आले" म्हणून उठते. ते असो.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. तुमचा झाकणाचा डबा मागच्या खेपेपासून माझ्याकडं राहिलाय. डबा रिकामा परत करू नये म्हणून त्यात तिळाची चटणी घातली, आणि चटणीवर जागा उरली म्हणून पत्र. फोनही केला असता. पण तुम्ही मायलेकी रोज रात्री बोलता, आणि मी तुम्हाला फोनवर काही बोलले की दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मला ऋतिकाच्या आवाजात परत ऐकू येतं. तेव्हा हे आपल्या दोघींतच राहू द्या. मी शिरूरहून परत आले हे तुम्हाला तिनं सांगितलंच असेल. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूनं जे झालं ते नीट लिहून कळवते. त्यात माझा काही स्वार्थ नाही.

तिला पाचवा लागल्याचं कळलं तसं मी ह्यांना म्हटलं, पोरीला दोन घास आयते मिळायला पाहिजेत. रोहन कारेगावला कंपनीत, त्याची शिफ्ट कधी दिवसाची कधी रात्रीची, तर मी तिकडं जाऊन राहते. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, बोलावलंय का? मी म्हटलं, आपल्याच लेकराच्या घरी जायला बोलावणं कशाला लागतं? (बोलावलं नव्हतं.) मग बाजरीचं पीठ, घरचं तिखट, मेथीचे लाडू आणि पितळेची लहान बुद्धमूर्ती साडीत गुंडाळून, चौफुल्याला गाडी बदलून गेले. ऋतिकानं दार उघडलं आणि माझ्या गळ्यातच पडली. ललिताताई, ही सवय तिला तुम्ही लावलीत की तिची तिला लागली, माहीत नाही. आमच्या घरात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही, फार तर जेवलीस का म्हणून विचारतात. मला हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून पिशव्या धरूनच उभी राहिले. ते अजून मनात आहे. पिशव्या खाली ठेवायला पाहिजे होत्या.

ती जिथं प्रयोगशाळा सांभाळते त्या पाण्याच्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही. ऑफिसचं काही कागदावर यायला नको असं तिनं बजावलंय. शिरूरकडचं आहे एवढं पुरे. क्वार्टर केंद्राच्याच आवारात, त्यामुळं दुपारचा डबा द्यायच्या निमित्तानं मी रोज आत. (डबा ती सकाळी स्वतः नेऊ शकली असती. पण भाकरी गार होते.) आवाराच्या एका टोकाला नदीचं पाणी येतं आणि स्वच्छ होऊन गावाला जातं, दुसऱ्या टोकाला गावाचं सांडपाणी येतं आणि धुऊन पुसून नदीला जातं. मधोमध आपली ऋतिका. दोन्हीकडच्या बाटल्या तिच्या टेबलावर येतात, पण या टेबलाची बाटली त्या टेबलावर जायची नाही, तिकडचा एप्रन इकडं यायचा नाही, मधे साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. इतकी शिवाशिव मी जन्मात आनंदानं पाळली नव्हती. इथं पाळली, कारण इथं विटाळ जंतूंचा धरतात, माणसाचा नाही, आणि हात धुतले की तो संपतो. हे मी ऋतिकाला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, आई, हे भिंतीवर लिहून लावते. (लावलं नाही. पण म्हणाली.)

आता माझ्या हातून काय घडलं ते लिहिते. आधी लहान सांगते. तिच्या एका कपाटात काचेच्या बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या बुचावर खाकी कागदाची टोपी आणि वरून दोरा. कागद कोरा करकरीत. मला वाटलं, बाटलीला बूच आहे, कपाटाला दार आहे, वर आणखी टोपी कशाला? तुम्ही मला ओळखता. आमच्याकडं दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळवून चार कामं केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. ऋतिका मीटिंगला गेली होती. मी बसल्या बसल्या सगळ्या टोप्या काढल्या, कागदांच्या घड्या घातल्या, दोऱ्याची गुंडी केली आणि बुचं उघडून पदरानं पुसून पुन्हा लावली. तिचा मदतनीस ज्ञानदेव दारात आला तो तिथंच थिजला. म्हणाला, "मावशी, ह्या समद्या परत शिजवाया लागत्याल." तेव्हा मला कळलं की त्या बाटल्या मोठ्या वाफेच्या कुकरात घालून निर्जंतुक केलेल्या होत्या, पाण्यात जंतू आहेत का ते बघण्यासाठी, आणि माझ्या पदराला काय काय लागलेलं असतं त्याची यादी त्यानं मला न विचारता सांगितली. ऋतिका आली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ती पोटाला हात लावून हसत सुटली, खुर्चीवर बसली आणि तरी हसतच होती. मग कुकरातनं बाहेर काढलेल्या बाटल्या जराशा निवाल्यावर आम्ही दोघींनी कुठलं टोपडं घट्ट झालं, कुठलं सैल, असं म्हणत दोरे आवळले. टोपडं हा शब्द तिच्याच तोंडून आला. मग पुढचे दोरे दोघींनीही जरा हळूच बांधले.

संध्याकाळी ती दिवसाच्या नोंदी लिहायची आणि मी घरखर्च. समोरासमोर, एकाच टेबलावर. तिचा क्लोरीन आणि गढूळपणा, माझी मेथी आणि दूध. तिचा आकडा जुळला नाही की ती पेन चावायची, माझा जुळला नाही की मी. रोहन घरी असला तर म्हणायचा, दोघी गप्प बसून काय करताय? दौंडला मी अजून त्याच वेळेला वही उघडते. हे समोर बसतात खरे, पण त्यांना जुळवायचं काही नसतं.

आता मोठं सांगते. पाण्याला वास येतो का हे बघायचं यंत्र नाही म्हणे, आणि असलं तरी माणसाच्या नाकाइतकं शहाणं नाही. त्यासाठी पाच माणसं बसवतात. काचेच्या चंबूत पाणी कोमट करून एकेक चंबू नाकाशी धरायचा, बूच काढायचं आणि वास आहे की नाही एवढंच सांगायचं. मधे मधे कोळशातून गाळलेलं, अजिबात वास नसलेलं पाणीही ठेवतात, म्हणजे कोण उगाच हो हो म्हणतंय ते कळावं. पाचवं नाक आजवर ऋतिकाचं असायचं. पण सध्या तिला नुसत्या भिंतीच्या रंगानंही मळमळतं (तुम्हाला तिच्या वेळेला असंच झालं होतं का?), आणि पुण्याहून एक मॅडम प्रयोगशाळा तपासायला येणार होत्या. ज्ञानदेवाला घेता येईना, कारण तो तंबाखू खातो. क्लार्कबाई अत्तराशिवाय ऑफिसला येत नाहीत. मग ऋतिकाची नजर माझ्यावर गेली. मी पावडर लावत नाही, कारण ती संपते. सेंट आयुष्यात घेतला नाही. आणि रोज सकाळी माठ भरताना आदल्या दिवशीच्या पाण्याचा वास घेऊन मगच ते ओतायचं की ठेवायचं ठरवते, त्यामुळं सराव आहे. तिनं माझी घरगुती परीक्षा घेतली तर माझं नाक सगळ्यांत पुढं निघालं. ललिताताई, माझ्याकडं दहावीलाही कुणी एवढं कौतुकानं बघितलं नव्हतं.

आठवडाभर तयारी चालली. घरात अगरबत्ती बंद. मेणबत्ती चालेल का विचारलं तर म्हणाली, वितळली की वास येतो. फुलं तर नकोतच. मग मूर्तीपुढं वाटीभर पाणी ठेवलं आणि धूपपूजेची गाथा धुपाशिवायच म्हटली. (तथागतांनी चालवून घेतलं असावं. उदबत्तीची गरज त्यांना कधीच नव्हती, आपल्यालाच असते.) त्यात मॅडमचा दिवस नेमका पौर्णिमेचा निघाला आणि पौर्णिमेला माझं अष्टशील असतं. ऋतिका आनंदानं म्हणाली, आई, तुमचं सातवं शील आणि माझा नियम एकच आहे, फूल नाही, गंध नाही, उटणं नाही. दुपारी बारानंतर खाणं नाही हेही तिच्या सोयीचं. त्या दिवशी मी केस नुसत्या पाण्यानं धुतले, पांढरी साडी नेसले आणि त्या बंद खोलीत खुर्चीवर जाऊन बसले. माझ्यासारखी बिनवासाची बाई त्या तालुक्यात दुसरी नसेल.

मॅडम समोर बसल्या, हातात कागद. ऋतिका त्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभी. पहिला चंबू आला. बूच काढलं. वास नव्हता, तसं सांगितलं. दुसरा, तिसरा, तसंच. पुढचा उघडला आणि पावसाळ्यानंतर तळ्याच्या काठाला शेवाळ वाळतं ना, तसा वास आला. चांगला आला. मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं तर मॅडमनी पेन टेकवलेलं, आणि मागं ऋतिका, पोटावर हात, डोळे माझ्याकडं.

आता तुम्हाला म्हणून सांगते. लग्न झाल्यावर ती दोन वर्षं आमच्याकडं होती तेव्हा मी तिच्या आमटीला नावं ठेवली, तिच्या घड्या घालण्याला ठेवली, चहात साखर कमी पडली तर साखरेच्या डब्याकडं बघत तो प्यायले. पण ते चार भिंतींत. पुण्याहून आलेल्या परक्या बाईसमोर माझ्या सुनेच्या पाण्याला वास येतो असं मी सांगू? माझी आजी घागर घेऊन विहिरीच्या बाहेर बसायची. वरून कुणाला दया आली तर पाणी ओतलं जायचं, नाही आली तर घागर तशीच घरी. तिच्या नातीच्या घरात आज अशी पोरगी आली, जिच्या सहीशिवाय सबंध गाव नळ सोडत नाही. माझ्या तोंडून शब्द आला तो असा, की नाही, वास नाही.

मॅडमनी तोच चंबू फिरवून पुन्हा दिला. नाही. त्याहून कडक दिला. तो इतका कडक होता की दाराशी उभा असलेल्या ज्ञानदेवानं नाकाला रुमाल लावला. मॅडम म्हणाल्या, मावशी, सर्दी झालीय का? सर्दी नव्हती, तसं खरं तेच सांगितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, वास येतो की नाही, एवढंच सांगा. मी म्हटलं, "हिच्या हातचं पाणी आहे. मला येत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, सासू. त्या माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "माझ्या सासूबाई इथं बसल्या असत्या तर त्यांना बिनवासाच्या पाण्यालाही वास आला असता." सगळे हसले. मीही हसले, ऋतिका हसली नाही. आणि मग मॅडमनी जे सांगितलं त्यानं मला घेरीच यायची राहिली. तो वासाचा चंबू ऋतिकाच्या केंद्राचा नव्हताच. नाकांची परीक्षा घ्यायला त्यांनीच पुण्याहून बाटलीत भरून आणला होता. ऋतिकाच्या पाण्याला कुठंही वास नव्हता. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी, पांढऱ्या साडीत, सातवं शील पाळता पाळता मी चौथं मोडलं, खोटं बोलले, आणि तेही कुणाच्या तरी दुसऱ्याच पाण्यासाठी. माझ्या जागी मॅडमच्या ड्रायव्हरला बसवलं. तपासणी छान पार पडली. माझं नाव तेवढं कटलं.

संध्याकाळी टेबलाशी ती आली, वही उघडली नाही. मला वाटलं रागवेल. रागवणं मला समजतं, मी त्यातलीच. ती एवढंच म्हणाली, "आई, वास आला तर आला म्हणायचं. तसं म्हणतो म्हणून तर लोक आपल्या हातचं पाणी पितात." मी मान हलवली. मग थोड्या वेळानं म्हणाली, तुमचे पाय सुजलेत, तुम्ही दौंडला जाऊन आराम करा. माझे पाय सुजलेले नव्हते, ललिताताई. (थोडे सुजले होते.) दुसऱ्या दिवशी रोहननं मला गाडीत बसवून दिलं. ऋतिका फाटकापर्यंत आली होती, पण तिला कुणीतरी हाक मारली, बाटल्या आल्या होत्या, आणि ती वळली. गळ्यात पडायचं राहिलं. यावेळी माझे हात रिकामे होते.

तर असं आहे. मला इथं काही कमी नाही. भांडी कमी पडतात, भाजी कमी लागते, पाणी उरतं, सगळी बचतच. परवा कपाट लावताना तिचा जुना एप्रन सापडला. इथून कुरकुंभच्या लॅबला जायची तेव्हाचा. त्याला ब्लीचिंग पावडरचा असा दर्प यायचा की मी तो घरात येऊ द्यायची नाही, बाहेर दोरीवर टांगायला लावायची. परवा नाकाशी धरला तर काहीच वास नाही. दोनदा बघितलं, खरंच नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर होती, तिची चिमूट बादलीत टाकली आणि त्या पाण्यानं एप्रन खळबळून न्हाणीबाहेर वाळत घातला. हे फिरून आले, दारात चपला काढता काढता थबकले आणि म्हणाले, "ऋतिका आली का गं?"

मी म्हटलं, नाही. ते बरं म्हणाले आणि पेपर घेऊन बसले, पण पान काही उलटलं नाही.

भाऊंना माझा आणि ह्यांचा जय भीम सांगा. थंडी वाढलीय, कान झाकत जा. गुडघ्याला जपा.

तुमची विहीण,
करुणा

ता. क. हे पत्र आणि डबा म्हस्कूबरोबर पाठवतेय. तो तुमच्याकडच्या कारखान्यावर कामाला जातो, त्यामुळं पोस्टाचा खर्च नाही. सातवा लागला म्हणून येत्या बुधवारी तुम्ही ऋतिकाला शिरूरहून परस्पर तुमच्याकडं पाटसला नेणार असं रोहननं सांगितलं. बरोबरच आहे. पहिलं बाळंतपण माहेरचं, तो तुमचा मान, मी त्यात एक शब्द बोलणार नाही.

ता. क. दुसरा. एक शब्द बोलते. तुमच्या मागच्या खोलीत पंप आणि पोती ठेवलीत ना, ती एका बाजूला सरकवली तर एक माणूस मावेल. विहिणीनं विहिणीच्या घरी मुक्काम टाकल्याचं मी कुठं ऐकलं नाही, लोक हसतील हेही कळतं. पण पाटस-दौंड येऊन-जाऊन करायचं तर चार दिवसांनी तुम्हीच म्हणाल की बाई रोज दारात कशी. त्यापेक्षा राहिलेलं बरं. मी अंथरूण-पांघरूण घेऊन येईन, तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवणार नाही, बाळाचं सगळं तुम्ही करायचं, मी दुपटी धुवीन. तिला मी जवळ चालेन का, एवढं तुम्ही तुमचं म्हणून विचारा. माझं नाव घेऊ नका. घेतलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा. तुमचं उत्तर नाही असं असेल तर फोन करू नका, पोस्टानंच कळवा. पोस्टानं पत्र यायला हल्ली आठवडा लागतो, आणि मी गुरुवारी निघते.